आक्काच्या पुड्या

हे मी लिहायला नको होतं असं म्हणणारे निघतील आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही. आमच्या घरात अर्ज आणि खुशालीची पत्रं यांपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. औषधाच्या दुकानात उभं राहण्यापुरता डिप्लोमा तेवढा माझ्याकडे आहे. शिवाय जे सांगणार आहे त्यात माझी स्वतःची चूक मोठी आहे, त्यामुळे दुसऱ्यांबद्दल बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे हेही मला ठाऊक नाही. कुणाला राग आला तर आधीच माफी मागतो. मला फक्त माझ्या मोठ्या बहिणीच्या, आक्काच्या, हातांबद्दल सांगायचं आहे.

आमचं गाव शिरवळपासून आत, ओढ्याच्या काठानं चालत गेलं तर पाऊण तासावर. आबा, म्हणजे माझे वडील, शिरवळच्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत. आई मी तिसरीत असताना गेली. आक्का तेव्हा नुकतीच आठवीत बसली होती. तिनं दप्तर ठेवलं आणि चूल घेतली. पुढं शेजारणीकडून शिवण शिकली. गावातल्या पोरींचे शाळेचे ड्रेस आणि बायकांची पोलकी ती शिवायची. माझी बारावी, मग सांगलीला डी. फार्मसीचं शिक्षण, सगळं त्या मशीनच्या जोरावर झालं. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच.

मी सांगलीला गेलो त्याच वर्षी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठलं की मूठ मिटायची नाही, कात्री अंगठ्यात जायची नाही. दहा-साडेदहाला हात जरा सैल व्हायचे, मग ती मशीनवर बसायची. वय तेवीस. दोन स्थळं आली होती, ती हात बघून परत गेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. मशीन बंद पडेल का, एवढंच तिला वाटायचं. "हात गेलं तर मी कोण रं?" असं एकदा म्हणाली होती, दळण निवडता निवडता, सहज.

दुसऱ्या वर्षाला असताना मी संध्याकाळी सांगलीतल्या एका मेडिकल दुकानात काम करायचो. तिथं पहिल्यांदा औषधांची दुसरी बाजू बघितली. आठवड्यातून दोनदा कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, म्हणजे एम. आर., यायचे. त्यातले एक वयानं मोठे होते, गळ्यातला टाय सैल करून काउंटरला टेकायचे आणि मालकांशी त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

"मालक, समोरच्या डॉक्टरसाहेबांच्या चिठ्ठ्या येत्यात का आमच्या टॉनिकच्या?"

"येत्यात की. काल सर्दीवाल्यालाबी आलं."

"मग? गुण आला का?"

"आला असंल. सर्दी टॉनिकला घाबरून पळाली असंल."

दोघं हसायचे. मी एकदा धीर करून विचारलं की सर्दीला टॉनिक कशाला. मालक म्हणाले, "तू डी. फार्म करतोयस का डॉक्टरकी?" एम. आर. मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "गड्या, डॉक्टरच्या खिशाला पेन कुठल्या कंपनीचा हाय ते बघत जा. चिठ्ठी वाचायची गरजच न्हाई."

मग त्यांनी मला त्यांची डायरी दाखवली. एका पानाला एक डॉक्टर. त्यांचा वाढदिवस, बाईसाहेबांचा वाढदिवस, मुलगा कितवीत, मुलगी पाचगणीच्या कुठल्या बोर्डिंगात, भिंतीवरचं घड्याळ दिलं का, फ्रिजचं बोलणं झालं का. औषध कुठल्या आजारावर, त्याचे त्रास काय, याला त्या पानावर जागाच नव्हती. "ही डायरी हरवली तर माझी नोकरी गेली," ते म्हणाले. ते काही वाईट माणूस नव्हते. दुपारी दुकानाच्या पायरीवर डबा खायचे आणि मला त्यातली चटणी द्यायचे. पण त्या दिवसापासून कुठलीही चिठ्ठी हातात आली की मला ती डायरी दिसायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आक्काच्या दोऱ्यांच्या डब्यात गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या, चारही वेगळ्या. शिरवळच्या डॉक्टरांनी वर्षात चार वेळा गोळी बदलली होती. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिचे हात टेबलावर ठेवायला सांगितले, बघितले, चिठ्ठी लिहिली. दोन मिनिटं लागली असतील. टेबलावर एका गोळीच्या नावाचं कॅलेंडर उभं होतं. चिठ्ठीवर तीच गोळी. तीच नवी गोळी आमच्या दुकानातही त्याच महिन्यात आली होती, दहावर दोन फुकट अशा स्कीममध्ये.

माझं डोकं फिरलं. पुरावा म्हणावा असं माझ्याकडे काहीच नव्हतं. कदाचित डॉक्टरांनी विचार करूनच बदल केला असेल. पण मला ते सुचलं नाही.

रस्त्यात आक्का म्हणाली, "या गोळ्यांनी पोटात लय आग पडती. पण हात हालत्यात."

तेव्हा मी तिला एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, की गोळी कधी घेतेस. तो विचारला नाही. पुष्कळ नंतर कळलं की ती सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, कारण जेवणाआधी दोन तास शिवण व्हायचं. जेवल्यावर घ्या, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, दुकानदारानं सांगितलं नाही आणि मीही नाही. मला ते पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. मी त्या दिवशी फक्त कंपन्यांवर बोलत राहिलो.

त्याच आठवड्यात एक बाई पोलकं न्यायला आली. तिनं सांगितलं की पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला एका वस्तीवर एक रिटायर फौजी आहेत, ते झाडपाल्याची पुडी देतात. दर रविवारी रांग लागते. तिच्या सासूचे गुडघे धरले होते, आता ती म्हातारी डोक्यावर हंडा आणते. आणि फौजी एक पैसा घेत नाहीत. फक्त नारळ ठेवायचा.

पैसा घेत नाहीत, हे ऐकून मी उभाच राहिलो. सांगलीत इतके महिने जे बघत होतो त्याच्या बरोबर उलटं हे. घड्याळ नाही, डायरी नाही, स्कीम नाही. ज्याला विकायचंच नाही तो फसवेल कशाला, असं मला वाटलं. कॉलेजात औषधी वनस्पतींचा विषय शिकवणारे आमचे सर आम्हाला निरगुडी, अडुळसा, गुळवेल दाखवत डोंगरातून फिरवायचे, त्याचीही भर पडली. झाडपाला म्हणजे शुद्ध, असं सर कधी म्हणाले नव्हते. ते मी माझ्या मनानंच धरलं.

आबांना ते पसंत नव्हतं. आजोबांनी बौद्ध धम्म घेतल्यापासून आमच्या घरात अंगारा, धुपारा, नवस, सगळं बंद होतं. आबांनी आयुष्यात कुठल्या बाबाच्या दारात पाय ठेवला नव्हता.

"नारळ घिऊन आमी कुणाफुडं हुबं ऱ्हानार न्हाई," ते म्हणाले.

"आबा, तो मंत्र न्हाई. वनस्पती हाय. आमाला अभ्यासाला हाय ती."

"तुला नक्की ठावं हाय?"

"व्हय."

 मग आबा आक्काला म्हणाले, "जा मग. त्यो शिकलाय, मी न्हाई."

रविवारी मी आणि आक्का गेलो. रांगेत शंभरेक माणसं होती, दोन ट्रक आणि एक पुण्याची गाडीही उभी होती. फौजी पडवीत बसले होते, उंच, स्वच्छ दाढी केलेले, खाकी पँट घातलेले. फौजेत ते दवाखान्याच्या कामावर होते, असं रांगेतल्या लोकांनी कौतुकानं सांगितलं. आक्काचे हात त्यांनी डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ धरले. प्रत्येक बोट हलवून बघितलं.

"बेटी, शिलाई करतीस का?"

"व्हय. तुमी कसं वळखलं?"

"सुई टोचलेली दिसती की. आमी बी फौजेत टाके घालायचो, माणसाला." आक्का हसली. दवाखान्यात ती कधी हसली नव्हती.

मी चाचरत म्हणालो, "आमी नारळ आनला न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

"नको आनू. डोंगरानं दिल्यालं हाय, माझं काय जातंय?" ते म्हणाले. या उत्तरानं माझा उरलासुरला संशय गेला.

वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या तीस पुड्या त्यांनी दिल्या. आत राखाडी-हिरवी पूड. पथ्य सांगितलं: वांगं नाही, आंबट नाही, डॉक्टरची गोळी याच्याबरोबर चालणार नाही. "आणि पुडी कुणाला दाखवायची न्हाई, उघडून बघायची न्हाई, चौकशी करायची न्हाई. बोभाटा झाला का गुण गेला." असं आमच्याकडे सगळेच झाडपाला देणारे सांगतात. कावीळ उतरवणारेही सांगतात, विंचू उतरवणारेही. मला त्यात वावगं वाटलं नाही.

घरी येऊन मी आक्काच्या गोळ्या ओढ्यात टाकल्या. ते मी केलं, तिनं नाही.

पाचव्या दिवशी तिची मूठ मिटली. मी सांगलीला परत आलो होतो. तिचं पत्र आलं ते असं: "हात लोण्यागत झाल्यात. काल सात ड्रेस कापले. पोटात आग न्हाई. तुझ्या शिकन्याचं सोनं झालं." ते पत्र मी वहीत ठेवलं आणि दोन-तीन मित्रांना वाचून दाखवलं. पुड्या संपल्या की ती नव्या आणायची. पुढचे सात-आठ महिने तसेच गेले. मी घरी जायचो तेव्हा ती पहाटे उठलेली असायची, मशीन चालू असायचं. तिचा चेहरा भरला, गाल गोल झाले. गावातल्या बाया म्हणायच्या, "आक्कानं आता अंग धरलंय, बघा." आबांनाही बरं वाटलं. मलाही. तिसरं स्थळ आलं, त्यांचं बोलणं सुरू झालं.

फेब्रुवारीत सरांबरोबर आम्ही साताऱ्याजवळच्या डोंगरात वनस्पती गोळा करायला गेलो होतो. चालता चालता मी सरांना फौजींबद्दल सांगितलं, थोडं अभिमानानंच. सर थांबले.

"किती दिवसांत गुण आला म्हणालास?"

"पाच."

"एवढ्या लवकर?" त्यांनी हातातली फांदी पिशवीत टाकली. "एक पुडी घेऊन ये. आपण प्रयोगशाळेत बघू, काय काय आहे."

मी हो म्हणालो. पुडी आणली नाही. पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा डबा समोर होता, एक उचलली असती तर आक्काला कळलंही नसतं. पण दाखवायची नाही असं सांगितलं होतं. वर्गात मी अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. तरी डब्याला हात लावताना मला भीती वाटली की आपण उघडली आणि उद्या तिची मूठ मिटली नाही तर. दुसरीही भीती असेल, की आत काय निघेल. सरांनी दोनदा विचारलं, मी विसरलो म्हणालो. मग त्यांनी विचारायचं सोडलं.

जूनमध्ये फौजी मुलीकडे गेले ते दीड महिना आले नाहीत. रविवारी लोक यायचे आणि बंद दार बघून परत जायचे. आक्काच्या पुड्या संपल्या. शाळा उघडण्याचे दिवस, ड्रेसचा ढीग पडलेला. तीन दिवस ती तशीच मशीनवर बसली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी मशीनवरच कोसळली. आबांनी जीपमधून साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन आला, मी मिळेल त्या एस. टी. नं निघालो.

पोचलो तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं. ओठ पांढरे पडले होते. एक तरुण डॉक्टरबाई तिच्या गोल चेहऱ्याकडे आणि आत गेलेल्या दंडांकडे बघत पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "ताई, कुठलं औषध चालू होतं? कुणाची पुडी? गोळी? सांगा, त्याशिवाय मला उपचार करता येणार नाहीत."

आक्का मान हलवायची. "कायबी न्हाई."

आबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आक्काला शुद्ध होती तेवढी तिनं माझ्याकडे बघून नाही अशी खूण केली. बोभाटा होईल, गुण जाईल, हात जातील, एवढंच तिच्या मनात होतं. तिला आपण मरतोय हे माहीत नव्हतं.

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी पुढचं ऐकून घेतलं नाही, नर्सला हाक मारली. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासानं आक्काचा रक्तदाब वर आला.

मग त्या मला बाहेर घेऊन गेल्या. "तू काय करतोस?"

"डी. फार्मसी."

त्या वळून आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आक्कानं अडीअडचणीला म्हणून एक पुडी मशीनच्या खणात ठेवली होती. कोसळली तेव्हाही ती तिनं घेतली नव्हती, स्थळाची माणसं येणार त्या दिवसासाठी राखली होती. ती मी सरांकडे नेली.  सरांनी पूड स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, काचेच्या पट्टीवर तिचा थेंब ठेवला, शेजारी त्यांना संशय होता त्या दुकानातल्या गोळीचा थेंब. पट्टी द्रावणात उभी केली. दोन्ही डाग सारख्याच उंचीवर चढले, म्हणजे औषध एकच.

"स्टेरॉइड," सर म्हणाले. "वर थोडी सुंठ आणि पाला. सुंठ चांगली आहे."

मी म्हणालो, "सर, म्हणजे झाडपाला सगळा खोटाच का?"

"असं मी म्हटलं का? अडुळशाचं औषध तू स्वतः बनवलंयस इथं. पण मी ते आधी तपासायला लावलं होतं तुला." त्यांनी पट्टी धुवायला घेतली. "कंपनीवाल्याला तू प्रश्न विचारलेस ते बरोबरच केलंस. याला का नाही विचारलेस?"

त्या संध्याकाळी दुकानात गेलो तर वरच्या फळीवर त्याच गोळीचे डबे होते, हजार-हजार गोळ्यांचे. महिन्यातून एकदा कुणीकुणी येऊन चार-पाच डबे एकदम न्यायचं. मी स्वतः ते खाकी कागदात बांधून दिले होते. कुठं जातात, विचारलं नव्हतं. त्या डब्यांवरही स्कीम होती. मालकांना म्हणालो, हे चिठ्ठीशिवाय द्यायला नकोत. ते म्हणाले, "मी न्हाई दिलं तर शेजारचा देईल. तू गल्ला सांभाळ." पुढच्या आठवड्यात मी ते काम सोडलं. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

आबा मला कधी बोलले नाहीत. एकदाच, दवाखान्याच्या आवारात चहा पिताना, कपाकडे बघत म्हणाले, "नारळ नेला न्हाई म्हून मला वाटलं आपन वाचलो." मला ते अजून ऐकू येतं.

डॉक्टरबाईंनी आक्काला नीट समजावून सांगितलं, मी सोबत होतो. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. त्याबरोबर दुसरी गोळी, आठवड्यातून एकदा, ती सांध्यांवर खरा उपाय करेल, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर हात दुखतील, सुजतील. दर महिन्याला साताऱ्याला येऊन रक्त तपासायचं. कागदावर औषधाचं मूळ नाव लिहिलं, कंपनीचं नाही. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

"तीन म्हैनं?" आक्का म्हणाली.

"हो ताई. धीर धरा."

आक्का आपल्या हातांकडे बघत राहिली. तिसरं स्थळ तेव्हा मोडलं होतं.

मी पास झालो. सांगलीतच एका सहकारी दवाखान्याच्या औषध विभागात लागलो. चिठ्ठी घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला आधी विचारायचं ठरवलं, जेवलात का. लोक हसतात, रांगेतले मागचे ओरडतात, "आवं साहेब, गोळ्या द्या, जेवान करून आलोय न्हवं." तरी विचारतो. एम. आर. आले की त्यांना औषधाचे त्रास विचारतो, ते पुढच्या वेळी सांगतो म्हणतात.

आक्काची पत्रं यायची. पहिली दोन आबांनी लिहिलेली होती, वाकड्या अक्षरात, कारण तिला पेन धरता येत नव्हता. मी उत्तरात दर वेळी तेच लिहायचो, धीर धर, गोळी सोडू नकोस, रक्त तपासलं का. तिसऱ्या महिन्यात पत्र तिच्याच अक्षरात आलं. "आता बरं हाय. मशीन चालू केलं. तू काळजी करू नको." पुढचं आलं ते आणखी नीट, दोन्ही बाजूंनी भरलेलं. मी ते सरांना नेऊन दाखवलं. सर म्हणाले, "बघ, वेळ दिला की होतं." मी कित्येक दिवसांनी नीट झोपलो.

दिवाळीच्या आधी आमच्या गावचा एक माणूस टेंपो घेऊन हळदीच्या बाजाराला सांगलीत आला होता. माझ्याबरोबर दवाखान्याच्या दारात चहाला थांबला. गावाकडचं काय काय सांगत होता. पाऊस, कारखान्यातला संप, कुणाचं लग्न. मी विचारलं, "फौजी आला का रं परत?"

"आला म्हंजे? आता रविवार आन् गुरुवार, दोन दिस रांग असती. माझ्या टेंपोतनं मानसं जात्यात की. तुझी आक्काबी असती."

"कवा?"

"दर गुरुवारी. दोनेक म्हैनं झालं." त्यानं कप खाली ठेवला. "तुला ठावं न्हाई व्हय? मला तर म्हनली, डागदरीनबाईचं लय हळू चालतंय, गिऱ्हाईक थांबत न्हाई. आन् म्हनली, त्याला सांगू नगंस, त्यो लय शिकलाय, त्याला सोसायचं न्हाई."